सोर्स कोडमधील सुरक्षा त्रुटी स्टॅटिक ॲनालिसिसने कशा शोधाव्यात : एका फ्लास्क ॲप्लिकेशनच्या आधाराने

प्रोग्राम प्रत्यक्ष न चालवता, केवळ त्याचा सोर्स कोड वाचून त्यातील दोष हुडकून काढण्याच्या पद्धतीला स्टॅटिक ॲनालिसिस म्हणतात. बेल लॅब्जमधील स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ च्या सुमारास सी भाषेसाठी लिहिलेले लिंट हे या घराण्यातील सर्वांत प्रसिद्ध पूर्वज होय. आज जवळजवळ प्रत्येक भाषेसाठी अशी साधने विनामूल्य मिळतात आणि ती बसवायला फारसा वेळ लागत नाही. तरीही अनेक ठिकाणी एकच प्रकार घडताना दिसतो : साधन बसवले जाते, सगळे नियम एकदम चालू केले जातात, शेकडो इशाऱ्यांची यादी समोर येते, त्यातले पहिले काही इशारे निरर्थक निघतात आणि मग ती यादी पुन्हा कोणी उघडत नाही. माझ्या मते दोष साधनाचा कमी आणि कामाच्या क्रमाचा जास्त असतो. आपल्या प्रोग्राममध्ये परकी माहिती कुठून आत येते आणि कुठे पोहोचली तर घात होतो, हे आधी आपण ठरवले पाहिजे. साधन त्यानंतर चालवायचे. पुढील विवेचन त्याच क्रमाने केले आहे. उदाहरणासाठी पायथन भाषेतील फ्लास्क या चौकटीवर बांधलेले, ग्राहकांच्या पावत्या शोधून दाखवणारे एक साधे वेब ॲप्लिकेशन गृहीत धरले आहे.

साधन नेमके काय वाचते

सर्वांत साधी साधने कोडकडे निव्वळ मजकूर म्हणून पाहतात आणि धोकादायक फंक्शनांची नावे शोधतात. त्यापुढची साधने कोडचे पार्सिंग (व्याकरणानुसार विभागणी) करून त्याचा वाक्यरचनेचा वृक्ष तयार करतात, त्यामुळे कॉमेंटमधला शब्द आणि प्रत्यक्ष केलेला फंक्शन कॉल यांतला फरक त्यांना कळतो. पायथनसाठीचे बँडिट हे याच प्रकारातले. तिसरा प्रकार माहितीच्या प्रवाहाचा माग काढणाऱ्या साधनांचा : एखादे मूल्य कोणत्या व्हेरिएबलमधून कुठे गेले, वाटेत कोणत्या फंक्शनमधून पार झाले आणि अखेरीस कुठे वापरले गेले, हे ती तपासतात. सेमग्रेपचा टेंट मोड (अविश्वसनीय माहितीचा माग काढण्याची त्याची पद्धत) आणि कोडक्यूएल ही त्याची परिचित उदाहरणे. पुण्याच्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये आणि आयआयटी मुंबईतही प्रोग्राम-विश्लेषणाच्या या शाखेवर दीर्घकाळ संशोधन झालेले आहे, हे मराठी वाचकाला ठाऊक असायला हरकत नाही.

एक मर्यादा मात्र कोणत्याही साधनाला ओलांडता येत नाही. हेन्री राइस यांनी १९५३ मध्ये सिद्ध केलेल्या प्रमेयानुसार, प्रोग्रामच्या वर्तनाविषयीचा कोणताही अर्थपूर्ण प्रश्न सर्व प्रोग्रामांसाठी अचूक सोडवील अशी एकच रीत असू शकत नाही. म्हणून प्रत्येक साधन कुठेतरी अंदाज करते. काही ठिकाणी ते विनाकारण इशारा देते आणि काही ठिकाणी खरी त्रुटी त्याच्या नजरेतून निसटते. कोणते साधन कोणत्या बाजूला झुकते, हे ओळखूनच त्याचा अहवाल वाचावा लागतो.

पहिली पायरी : उगम आणि सिंक यांची यादी

परकी, अविश्वसनीय माहिती जिथून प्रोग्राममध्ये येते त्या जागेला उगम म्हणू. अशी माहिती जिथे पोहोचली असता हल्ला साधतो त्या जागेला या क्षेत्रात सिंक म्हणतात. साधन हातात घेण्यापूर्वी या दोहोंची यादी कागदावर लिहून काढावी. लहान ॲप्लिकेशनसाठी या कामाला फार वेळ लागत नाही आणि पुढचे सगळे काम तिच्यावरच उभे राहते.

फ्लास्कमध्ये रिक्वेस्ट ऑब्जेक्टमधील आर्ग्ज, फॉर्म, हेडर्स, कुकीज, जेसन आणि फाइल्स हे उघड उगम आहेत. अपलोड केलेल्या फाइलचे नाव हेदेखील परकीच माहिती असते, याचा विसर अनेकदा पडतो. यूआरएलच्या पत्त्यात घातलेली मूल्ये रिक्वेस्ट ऑब्जेक्टमधून न येता थेट फंक्शनच्या पॅरामीटरमधून येतात, त्यामुळे रूटचा डेकोरेटर (फंक्शनला यूआरएलशी जोडणारी, त्याच्या वर लिहिलेली ओळ) लावलेल्या प्रत्येक फंक्शनचे पॅरामीटर यादीत धरावे लागतात. रूटमध्ये इंट हा कन्व्हर्टर (मूल्याचा प्रकार ठरवणारा शब्द) दिला असेल तर ते मूल्य पूर्णांकच असते आणि एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेच्या, दृष्टीने निरुपद्रवी ठरते. पाथ हा कन्व्हर्टर दिला असेल तर मात्र त्यात तिरक्या रेघाही येऊ शकतात आणि धोका उलट वाढतो. एका वापरकर्त्याने भरलेला व डेटाबेसमध्ये साठवलेला मजकूर पुढे दुसऱ्या क्वेरीत वापरला जात असेल, तर डेटाबेस हाही उगमच होय.

सिंकांच्या यादीत डेटाबेस कर्सरचे एक्झिक्यूट, शेल=ट्रू असा पर्याय दिलेले सबप्रोसेसचे कॉल, फाइल उघडणारे ओपन आणि सेंड फाइल, साठवलेल्या बाइटांतून ऑब्जेक्ट पुन्हा उभे करणाऱ्या पिकलचे लोड्स, मजकुरालाच टेम्पलेट मानणारे रेंडर टेम्पलेट स्ट्रिंग, बाहेरच्या पत्त्यावर विनंती पाठवणारे रिक्वेस्ट्स लायब्ररीचे गेट आणि रीडायरेक्ट, इतके तरी असावेत. प्रत्येकापुढे सीडब्ल्यूई या मायटर संस्थेच्या, सॉफ्टवेअरमधील दोषांच्या वर्गीकरणातील क्रमांक लिहून ठेवल्यास पुढे वेगवेगळ्या साधनांचे अहवाल जुळवणे सोपे जाते : एसक्यूएल इंजेक्शन (क्वेरीत परकी आज्ञा घुसवणे) ८९, क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग (वेब पानात परकी स्क्रिप्ट घुसवणे) ७९, शेल कमांड इंजेक्शन ७८, पाथ ट्रॅव्हर्सल (ठरलेल्या फोल्डरबाहेरच्या फाइलींपर्यंत पोहोचणे) २२, असुरक्षित डीसीरियलायझेशन (जसे पिकलचे) ५०२, कोडमध्येच लिहिलेले पासवर्ड ७९८.

दुसरी पायरी : बँडिटची पहिली धाव

बँडिटचा जन्म ओपनस्टॅक या खुल्या क्लाउड प्रकल्पात झाला. ते पिप या पायथनच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने बसते आणि संपूर्ण फोल्डर रिकर्सिव्ह पर्यायासह दिल्यास आतल्या सगळ्या पायथन फाइली वाचते. पहिल्याच धावेत चाचण्यांचा फोल्डर वगळावा. पायटेस्ट या चाचणी-साधनाच्या चाचण्यांमध्ये असर्ट हा शब्द ओळीओळीला असतो आणि बँडिटचा १०१ क्रमांकाचा नियम त्या प्रत्येक ओळीवर इशारा देतो.

बँडिट प्रत्येक इशाऱ्याला दोन श्रेणी देते. सिव्हेरिटी म्हणजे त्रुटी खरी असल्यास नुकसान किती होईल, आणि कॉन्फिडन्स म्हणजे ती खरी असल्याची साधनाला खात्री किती. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांची गल्लत केली की चुकीच्या ओळी गाळल्या जातात. उदाहरणार्थ, एसक्यूएल वाक्य तुकडे जोडून तयार केल्याचे ओळखणारा ६०८ क्रमांकाचा नियम, ते वाक्य थेट एक्झिक्यूटमध्ये दिलेले असेल तर मध्यम कॉन्फिडन्स दाखवतो. तेच वाक्य आधी एखाद्या व्हेरिएबलमध्ये ठेवून मग वापरले असेल तर कॉन्फिडन्स कमी होतो. धोका दोन्हीकडे सारखाच असतो. म्हणून गाळणी लावायचीच असेल तर ती सिव्हेरिटीवर लावावी आणि ६०८ चे सगळे इशारे, कॉन्फिडन्स कितीही असो, वाचावेत.

आपल्या पावत्यांच्या पानावर ग्राहकाचा क्रमांक घेऊन शोध होतो. सायकोपीजी हा पायथनला पोस्टग्रेस डेटाबेसशी जोडणारा ड्रायव्हर वापरताना क्वेरीत टक्क्याचे चिन्ह आणि एस लिहून जागा राखली जाते, आणि नंतर स्वल्पविराम देऊन मूल्य स्वतंत्र आर्ग्युमेंट म्हणून दिले जाते. मग मूल्य सुरक्षितपणे बसवण्याची जबाबदारी ड्रायव्हर घेतो. त्या स्वल्पविरामाच्या जागी टक्क्याचे चिन्ह पडले, की पायथन स्वतःच मजकूर जोडून टाकतो आणि डेटाबेसपर्यंत हल्लेखोराचे वाक्य जसेच्या तसे पोहोचते. दोन्ही प्रकार चालतात, दोन्ही योग्य पावती दाखवतात, आणि कोड रिव्ह्यू करणाऱ्याच्या डोळ्यांना हा एका चिन्हाचा फरक सहज चकवतो. वाक्यरचनेचा वृक्ष पाहणाऱ्या साधनाला मात्र या दोन पूर्णपणे भिन्न रचना दिसतात. एवढ्या एका बाबीसाठीही बँडिट चालवणे सार्थकी लागते.

तिसरी पायरी : स्वतःचा नियम लिहिणे

बँडिटला प्रवाह कळत नाही. जोडलेला तुकडा कोडमध्येच लिहिलेले टेबलाचे नाव आहे की ब्राउझरमधून आलेला मजकूर, याचा भेद ते करत नाही. इथे सेमग्रेपचा टेंट मोड उपयोगी पडतो. त्याचा नियम यामल फाइलमध्ये लिहिला जातो आणि त्यात तीन याद्या असतात : उगमांचे नमुने, सिंकांचे नमुने आणि मूल्य निर्धोक करणाऱ्या क्रियांचे नमुने. नमुने पायथनसारख्याच भाषेत असतात. डॉलर चिन्हाने सुरू होणारे मोठ्या अक्षरांतले नाव म्हणजे कोणतीही एक पदावली, आणि तीन टिंबे म्हणजे मध्ये काहीही. पहिल्या पायरीत केलेली यादी इथे जवळजवळ तशीच उतरवता येते.

तयार नियमसंचही मिळतात आणि ते अवश्य चालवावेत. परंतु आपल्या प्रकल्पात डेटाबेसशी बोलण्यासाठी कोणीतरी लिहिलेले स्वतःचे सहायक फंक्शन असेल, तर ते जगातल्या कोणत्याही तयार नियमाला माहीत नसते. समजा, सर्व क्वेरी त्या फंक्शनमधूनच जातात. मग प्रत्यक्ष एक्झिक्यूटचा कॉल एकाच फाइलमध्ये एकदाच दिसतो आणि तयार नियमांना सारे काही आलबेल वाटते. सेमग्रेपची विनामूल्य आवृत्ती माहितीचा माग एका फंक्शनच्या आतच काढते, ही गोष्ट इथे निर्णायक ठरते. उपाय सोपा आहे : त्या सहायक फंक्शनचे नावच सिंक म्हणून नियमात लिहावे. म्हणजे फंक्शनची सीमा ओलांडण्याची गरजच उरत नाही.

नियम लिहिला की त्याची चाचणीही लिहावी. सेमग्रेपमध्ये नमुना फाइलीतील ओळीच्या वर विशिष्ट कॉमेंट देऊन इथे इशारा आला पाहिजे किंवा इथे येता कामा नये, असे सांगता येते. चाचणी नसलेला नियम पुढच्या बदलात मुका झाला तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

मूल्य निर्धोक झाले, हे कधी मानावे

नियमातील तिसरी यादी सर्वांत जोखमीची आहे. एखादे फंक्शन तिच्यात घातले की त्यातून गेलेल्या प्रत्येक मूल्याकडे साधन डोळेझाक करते, म्हणून तिच्यात नाव घालताना ते कोणत्या सिंकसाठी घातले जात आहे हे प्रत्येक वेळी तपासावे. एचटीएमएल एस्केपिंगने (खास चिन्हांना साध्या मजकुराचे रूप देण्याने) क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग टळते. एसक्यूएल किंवा फाइलच्या मार्गासाठी त्याचा भरवसा धरता येत नाही. पूर्णांकात रूपांतर केल्याने एसक्यूएल इंजेक्शन टळते, परंतु दुसऱ्याच ग्राहकाच्या पावतीचा क्रमांक देऊन ती पाहण्याचा मार्ग मोकळाच राहतो.

फाइलच्या मार्गांबाबत तर अनेक सापळे आहेत. अपलोडचा फोल्डर आणि वापरकर्त्याने दिलेले नाव पायथनच्या पाथ जॉइनने जोडले की मार्ग त्या फोल्डरातच राहील, असा समज असतो. प्रत्यक्षात दुसरा भाग तिरक्या रेघेने सुरू होत असेल तर पाथ जॉइन पहिला भाग पूर्णपणे टाकून देते. मार्ग अमुक फोल्डरच्या नावाने सुरू होतो का, एवढेच तपासणेही पुरत नाही, कारण अपलोड नावाच्या फोल्डरची तपासणी शेजारच्या अपलोड-जुने या फोल्डरलाही पास करते. मार्गाचे खरे, पूर्ण रूप काढून मग पायथनच्या कॉमनपाथने तुलना करणे, किंवा वर्कझोइग लायब्ररीतील सेफ जॉइन वापरणे हे योग्य. नियमात निर्धोक म्हणून केवळ त्यांचीच नोंद करावी.

आणखी एक जागा अशी की जिथे पॅरामीटर देण्याची सोयच नाही. पावत्या कोणत्या स्तंभानुसार लावायच्या हे वापरकर्ता निवडत असेल, तर ऑर्डर बायनंतरचे स्तंभाचे नाव पॅरामीटर म्हणून देता येत नाही, आणि मग चांगले प्रोग्रामरसुद्धा तिथे मजकूर जोडतात. अशा ठिकाणी मान्य स्तंभांची ठरलेली यादी ठेवून तिच्यातूनच नाव उचलावे.

टेम्पलेटच्या बाबतीत फ्लास्क एचटीएमएल टेम्पलेटांना आपोआप एस्केपिंग लावतो, तर त्याच्या मुळाशी असलेले जिंजा हे टेम्पलेट-इंजिन स्वतंत्रपणे वापरले असता ते मुळात बंद असते. म्हणून ईमेलचा मजकूर बनवण्यासाठी कोणी जिंजाचे स्वतंत्र एन्व्हायर्नमेंट उभे केले आहे का, हे शोधावे, आणि एस्केपिंग टाळणारे सेफ हे फिल्टर लावलेल्या सर्व जागा एकदा हाताने पाहाव्यात.

चौथी पायरी : फायलींच्या सीमा ओलांडणारे विश्लेषण

मोठ्या प्रकल्पात उगम एका फाइलीत आणि सिंक पाच फाइली पलीकडे असतो. त्यासाठी कोडक्यूएल वापरावे. सेमल या कंपनीने विकसित केलेले हे साधन २०१९ मध्ये गिटहबकडे आले. ते आधी संपूर्ण कोडचा डेटाबेस बांधते आणि मग त्यावर क्वेरी चालवते. सार्वजनिक खुल्या प्रकल्पांसाठी ते विनामूल्य आहे. खासगी कोडच्या नियमित तपासणीसाठी परवाना लागतो. प्रथम मूळ क्वेरी-संच चालवावा, त्याचे इशारे निकाली निघाल्यावरच विस्तारित सुरक्षा-संचाकडे वळावे. अहवाल सारिफ या विश्लेषण-अहवालांच्या प्रमाणित स्वरूपात घेऊन व्हीएस कोडमध्ये उघडला असता उगमापासून सिंकपर्यंतची वाट टप्प्याटप्प्याने दिसते, आणि ही वाटच या साधनाची खरी किंमत आहे.

इतके सामर्थ्यवान विश्लेषणही आंधळे कसे ठरते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेली ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन-लायब्ररीतील हार्टब्लीड ही त्रुटी. विनंतीत आलेल्या लांबीच्या आकड्यावर विश्वास ठेवून तेवढी मेमरी नकलून परत पाठवली जात होती आणि एका वेळी ६४ केबीपर्यंतची मेमरी बाहेर जाऊ शकत होती. त्या वेळच्या नामांकित स्टॅटिक ॲनालिसिस साधनांनी ती पकडली नव्हती, कारण तो आकडा नेटवर्कवरून आलेला आहे हे पॉइंटरांच्या गुंतागुंतीत त्यांना कळत नव्हते. त्यानंतर कव्हेरिटी या अशाच एका साधनाच्या कर्त्यांनी एक हुशार युक्ती केली : बाइटांचा क्रम उलटवून आकडा तयार होत असेल तर तो बाहेरून आलेला, म्हणजे संशयास्पद, मानायचा. तेवढ्याने ती त्रुटी दिसू लागली. उगम नीट सांगितला गेला नाही तर पुढची सगळी गणिते व्यर्थ जातात, हे यातून दिसते. म्हणूनच पहिल्या पायरीवर इतका भर दिला आहे.

याच कारणासाठी, साधनावर विसंबण्यापूर्वी त्याची आपल्याच कोडवर परीक्षा घ्यावी. गिटच्या (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या) इतिहासातून पूर्वी दुरुस्त केलेली एखादी खरी सुरक्षा त्रुटी निवडावी, दुरुस्तीच्या आधीचा कमिट (नोंदवलेली आवृत्ती) चेकआउट करावा आणि साधन चालवून पाहावे. त्रुटी सापडली नाही तर कोणता उगम, सिंक किंवा मधला दुवा साधनाला माहीत नाही, ते शोधून नियमात भरावे. तयार परीक्षा-संचांवरील गुणांपेक्षा या परीक्षेचा निकाल मला अधिक विश्वासार्ह वाटतो.

पाचवी पायरी : इशाऱ्यांचा निवाडा

यादी वरून खाली वाचत जाऊ नये. सिंकांच्या प्रकारानुसार इशारे एकत्र करावेत आणि एका बैठकीत एकाच प्रकारचे पाहावेत. डोळ्यांना त्या प्रकाराची सवय लागली की निर्णय झपाट्याने होतात. प्रत्येक इशाऱ्यात सिंकपासून मागे चालत जावे. धोकादायक आर्ग्युमेंट नेमके कोणते, ते कोणत्या व्हेरिएबलमधून आले, वाटेत त्याचे स्वरूप बदलले का, आणि अखेरीस ते बाहेरच्या माणसाच्या हातात आहे का, हे विचारावे. लॉग-इन न केलेली व्यक्ती तिथवर पोहोचू शकते की केवळ प्रशासक, यावर दुरुस्तीचा अग्रक्रम ठरतो. शंका उरली तर चाचणीच्या सर्व्हरवर, आपल्याच ॲप्लिकेशनविरुद्ध, एक निरुपद्रवी विनंती पाठवून पडताळावे.

खोटा ठरलेला इशारा दाबायचा असेल तर त्याच ओळीवर, त्या एका नियमाच्या क्रमांकासह आणि कारण लिहून दाबावा. बँडिटमध्ये नोसेक ही कॉमेंट क्रमांकाशिवाय लिहिली तर त्या ओळीवरचे सगळेच नियम गप्प होतात, आणि उद्या तिथे खरी त्रुटी आली तरी आवाज येत नाही. इशारा घालवण्यासाठी कोडच बदलणे हे त्याहून घातक ठरू शकते. डेबियन या लिनक्स वितरणात २००६ साली मेमरी तपासणाऱ्या साधनांची तक्रार थांबवण्यासाठी ओपनएसएसएलमधील ओळी काढल्या गेल्या. ती साधने प्रोग्राम चालवून तपासणारी होती, पण चूक याच जातीची. परिणामी यादृच्छिकतेचा आधार प्रोसेसच्या क्रमांकापुरता उरला, एका प्रकारच्या व लांबीच्या किल्ल्यांना सुमारे ३२,००० च पर्याय राहिले, आणि मे २००८ पर्यंत हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

एक त्रुटी खरी निघाली की तिच्या भावंडांचा शोध घ्यावा. ती ज्या सवयीतून लिहिली गेली तीच सवय इतरत्रही उमटलेली असते, त्यामुळे दुरुस्ती करण्याआधी त्या रचनेचा नियम लिहून साऱ्या कोडवर चालवावा.

जे या वाटेने सापडत नाही

एका ग्राहकाने दुसऱ्याची पावती पाहू नये, हा नियम कोडमध्ये लिहिलेलाच नसेल तर तो तुटला हे साधनाला कळण्याचा मार्ग नाही. तरीही रचनेवरून थोडी मदत घेता येते. रूटचा डेकोरेटर आहे पण लॉग-इन सक्तीचा डेकोरेटर नाही, अशी सर्व फंक्शने शोधणारा सेमग्रेप नियम काही ओळींत होतो. त्यात लॉग-इनचे पान आणि आरोग्य-तपासणीचा पत्ता यांसारखी योग्य नावे येतील. ती जाणीवपूर्वक मान्य करून वगळावीत आणि उरलेली एकेक तपासावीत. पावतीची मालकी तपासली जाते का, हे मात्र माणसानेच वाचावे लागते.

कोडमध्ये राहून गेलेले पासवर्ड आणि किल्ल्या यांसाठी गिटलीक्स हे वेगळे साधन गिटच्या संपूर्ण इतिहासावर चालवावे. सापडलेली किल्ली कोडमधून पुसणे पुरेसे नसते, कारण ती जुन्या कमिटमध्ये तशीच राहते. ती रद्द करून नवी घ्यावी. बाहेरच्या लायब्ररींतील ज्ञात त्रुटींसाठी पिप-ऑडिट आहे.

रोजच्या कामात बसवणे

जुने इशारे संपेपर्यंत नवे थांबवायचे नाहीत, असे ठरवले तर ते कधीच थांबत नाहीत. सद्यस्थिती बेसलाइन म्हणून नोंदवावी आणि प्रत्येक पुल रिक्वेस्टवर (मूळ कोडमध्ये बदल सामावून घेण्याच्या विनंतीवर) केवळ नव्याने आलेल्या इशाऱ्यांची तपासणी करावी. बँडिट आणि सेमग्रेप या दोहोंत ही सोय आहे. बिल्ड अडवण्याचा अधिकार सुरुवातीला अगदी थोड्या, चाचणी केलेल्या नियमांनाच द्यावा : जोडलेले एसक्यूएल, शेल=ट्रू, पिकल आणि स्वतःच्या सहायक फंक्शनवरचा नियम. बाकीचे नियम सूचना देऊ देत. संपूर्ण कोडवरचे कोडक्यूएल रात्री चालवावे, म्हणजे पुल रिक्वेस्ट खोळंबत नाहीत. साधनांच्या आणि नियमसंचांच्या आवृत्त्या पक्क्या करून ठेवाव्यात आणि त्या बदलताना इतर कोणताही बदल त्याच कमिटमध्ये करू नये. आधीच्या आणि नंतरच्या अहवालांची तुलना करून जे इशारे नाहीसे झाले ते प्रथम पाहावेत, कारण नवा इशारा स्वतःहून समोर येतो, गायब झालेला येत नाही.